निसार लारवूडपेक्षा वेगवान होता का? जुन्या धावफलकातून वेगवान गोलंदाज कसा वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: क्लबच्या स्मरणिकेसाठी महंमद निसारवर हजारेक शब्द लिहायचेत. काका ठामपणे सांगतात की तो इंग्लंडचा त्या काळचा वेगवान गोलंदाज हॅरॉल्ड लारवूड याच्यापेक्षाही वेगवान होता. शोधायला गेलं की 6 कसोटी आणि 25 बळी, एवढीच ओळ सापडते. काकांचं वाक्य छापायचं का, आणि सहा सामन्यांवरून एखाद्याला मोठा गोलंदाज म्हणता येतं का?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. ‘किती वेगवान’ हा एक आणि ‘किती चांगला’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आकड्यात मिळणार नाही, कितीही खणलं तरी. दुसऱ्याचं बऱ्यापैकी मिळतं आणि ते काकांना आवडेल असंच आहे. जुन्या गोलंदाजांवरचे बहुतेक लेख फसतात ते पहिल्या प्रश्नावर सगळी शाई खर्च केल्यामुळे.

आधी पक्की माहिती. महंमद निसारचा जन्म 1 ऑगस्ट 1910 चा, होशियारपूरचा. उंच, धिप्पाड, उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज. 25 जून 1932 ला लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, त्यात भारताकडून पहिला चेंडू त्याने टाकला. शेवटची कसोटी ऑगस्ट 1936 मधली, ओव्हलची. मधल्या चार वर्षांत 6 कसोटी, 1211 चेंडू, 707 धावा, 25 बळी, सरासरी 28.28, डावात पाच बळी तीन वेळा. प्रथम श्रेणीत 93 सामन्यांत 396 बळी, सरासरी 17.70. फाळणीनंतर तो पाकिस्तानात राहिला आणि 11 मार्च 1963 रोजी लाहोरला वारला. नावाची अक्षरं इंग्रजी छापील कागदांत एका ‘एस’ने आणि दोन ‘एस’ने अशी दोन्ही सापडतात, म्हणून शोधताना दोन्ही टाकून बघा.

आता काकांचं वाक्य. ते काकांच्या मनातून आलेलं नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्या नावावर ते वर्षानुवर्षं चालत आलंय आणि मूळ रूपात त्याला एक शेपूट आहे: ‘पहिल्या स्पेलमध्ये’, म्हणजे सुरुवातीला सलग टाकलेल्या षटकांत. नायडूंचं मत असं सांगितलं जातं की पहिल्या स्पेलमध्ये निसार लारवूडपेक्षाही वेगवान होता. सांगता सांगता शेपूट गळून पडतं आणि वाक्याचा अर्थच बदलतो. नव्या चेंडूवर, ताज्या पायांनी टाकलेली पाच-सहा षटकं ही एक गोष्ट. दिवसाच्या शेवटी तिसऱ्या स्पेलला त्याच वेगाने येणं ही दुसरी. लारवूडची ख्याती दुसऱ्या गोष्टीसाठीही होती. तुम्ही वाक्य छापणार असाल तर शेपटासकट छापा, आणि ते नायडूंचं मत म्हणून छापा, वस्तुस्थिती म्हणून नको.

अशा साक्षीचं वजन करताना तीन गोष्टी विचाराव्यात. साक्षीदार कुठे उभा होता? त्याने दोघांना एकाच मोसमात पाहिलं का? आणि त्याचं मन कुठे गुंतलंय? नायडू निसारचे कर्णधार होते. कर्णधार चेंडू मिड-ऑफवरून किंवा स्लिपमधून बघतो, तिथून वेगाचा अंदाज फलंदाजाच्या अंदाजापेक्षा वेगळा येतो. शिवाय लारवूड भारताविरुद्ध एकही कसोटी खेळलेला नाही, त्यामुळे दोघं समोरासमोर आहेत असा कसोटी सामना शोधू नका. साक्ष खोटी ठरत नाही, पण मोजमापही ठरत नाही.

मोजमाप होऊ शकत नाही याचं कारणही नीट सांगा, नाहीतर वाचक म्हणेल की आळस केला. वेग मोजणारी उपकरणं क्रिकेटमध्ये गांभीर्याने आली ती 1970 च्या दशकात. पर्थला ऑस्ट्रेलियाच्या जेफ थॉमसनचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या आसपास मोजला गेला, ती याच काळातली गोष्ट. त्याआधीचं सगळं अनुमान. उद्या कुणी एखादी जुनी फीत दाखवून ‘बघा, 150 आहे’ म्हणाला तर दोन हिशेब करा. पहिला फिल्मच्या गतीचा. त्या काळची बरीच मूकफीत सेकंदाला 16 ते 18 चौकटींनी घेतलेली असते आणि नंतर 24 ने दाखवली जाते. म्हणजे धावत येणारा गोलंदाज दीडपट वेगाने धावतो आणि आपण तोंडात बोट घालतो. दुसरा हिशेब चौकटी मोजण्याचा. 24 ची खरी फीत मिळाली असं धरा. ताशी 140 चा चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत जायला 0.45 सेकंद घेतो, म्हणजे जेमतेम 11 चौकटी. तुम्ही एक चौकट कमी मोजलीत तर 140 चे 154 होतात, एक जास्त मोजलीत तर 128. एका चौकटीच्या चुकीत मध्यमगती आणि तुफान दोन्ही बसतात. आणि चेंडू हातातून नेमका कोणत्या चौकटीत सुटला हे पुसट फितीत दिसतच नाही.

यात अजून एक गोम आहे, तिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण ती 1930 च्या सगळ्याच वेगवान गोलंदाजांना लागू होते. आज नो-बॉल पुढच्या पायावर ठरतो. पुढच्या पायाचा काही भाग पॉपिंग क्रीजच्या, म्हणजे यष्ट्यांच्या पुढच्या रेषेच्या, मागे हवा. तेव्हा पंच मागचा पाय बघायचे. मागचा पाय बोलिंग क्रीजच्या, म्हणजे यष्ट्यांच्या ओळीतल्या रेषेच्या, मागे पडला की झालं, मग तो पाय फरफटत पुढे गेला आणि पुढचा पाय क्रीजच्या बराच पुढे पडला तरी चालायचं. वेगवान गोलंदाजांच्या बुटाच्या चवड्याला धातूची पट्टी ठोकलेली असायची ती याच फरफटीसाठी. याचा परिणाम आकड्यात बघू. खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे 66 फूट. दोन्हीकडच्या पॉपिंग क्रीज यष्ट्यांपासून चार-चार फूट पुढे. गोलंदाजाने आपल्या क्रीजच्या रेषेवरून चेंडू सोडला आणि फलंदाज आपल्या क्रीजवर उभा असेल तर अंतर 58 फूट. फरफटीमुळे चेंडू तीन फूट पुढून सुटला तर 55. वेग तोच ठेवला तरी फलंदाजाला मिळणारा वेळ पाच टक्क्यांहून जास्त घटतो. 55 फुटांवरून आलेला ताशी 140 चा चेंडू फलंदाजाला 58 फुटांवरून आलेल्या 148 सारखा भासतो. (चेंडू हवेत आणि टप्प्यावर मंदावतो ते दोन्हीकडे सारखंच म्हणून सोडून दिलंय.) तेव्हा जुन्या फलंदाजाने ‘असा वेग पुन्हा पाहिला नाही’ म्हटलं तर तो थाप मारत नसतो. त्याला तो वेग खरोखर तितका लागलेला असतो, स्पीडगन मात्र वेगळं बोलली असती.

वेगाचा धागा इथे सोडा. लेखात त्याला एक परिच्छेद पुरे.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे धावफलक बोलतो. पण तो वाचायच्या आधी काही सापळे टाळायला हवेत.

षटक किती चेंडूंचं, हे आधी बघायचं. निसारच्या सहाही कसोटी सहा चेंडूंच्या षटकांच्या, त्यामुळे त्याच्याबाबत डोकेदुखी नाही. लारवूडनेही ऑस्ट्रेलियातल्या कसोटींत सहा चेंडूंचीच षटकं टाकली. पण मागे गेलात तर ऑस्ट्रेलियाचा फ्रेड स्पोफर्थ, ज्याला ‘डीमन’ म्हणत, त्याने 1882 मध्ये ओव्हलवर इंग्लंडला 85 धावाही करू दिल्या नाहीत. त्याचं दुसऱ्या डावातलं पृथक्करण 28 षटकं, 15 निर्धाव, 44 धावा, 7 बळी. षटक चार चेंडूंचं होतं. म्हणजे 112 चेंडू, आजची अठरा षटकं आणि चार चेंडू. ‘अठ्ठावीस षटकं अथक टाकली’ असं लिहिणारे इथेच आपटतात. तुलना करताना षटकं विसरा, चेंडू घ्या.

दुसरा सापळा नो-बॉल आणि वाइडचा. आज ते गोलंदाजाच्या खात्यात पडतात. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते फक्त अवांतरात जायचे. म्हणजे निसारच्या 707 धावांत त्याचे स्वतःचे नो-बॉल नाहीत, बुमराच्या धावांत आहेत. सरासरी शेजारी शेजारी मांडताना हा फरक एका वाक्यात सांगून टाकावा.

तिसरा पायचीतचा. 1932 मध्ये आणि 1933-34 च्या मोसमात पायचीत मिळायला चेंडूचा टप्पा यष्टी ते यष्टी या सरळ पट्ट्यातच पडावा लागे. ऑफच्या बाहेर पडून आत येणारा चेंडू पॅडवर बसला तरी अपील फुकट. 1935 पासून इंग्लंडमध्ये बदललेल्या नियमाचा प्रयोग सुरू झाला आणि 1937 मध्ये तो कायद्यात आला. उजव्या हाताच्या, चेंडू आत आणणाऱ्या गोलंदाजाचं यात किती नुकसान झालं असेल याचा विचार करा. त्याला दांडीच गुल करावी लागायची.

आणि चौथा, ‘कसोटी’ या शब्दाचा. 1935-36 मध्ये जॅक रायडरचा ऑस्ट्रेलियन संघ आला, 1937-38 मध्ये लॉर्ड टेनिसनचा संघ आला. त्या काळच्या कागदांत त्या सामन्यांनाही ‘टेस्ट’ म्हटलंय. अधिकृत नोंदीत ते बसत नाहीत. जुनं कात्रण हाती लागलं आणि बळींची बेरीज 25 च्या वर जायला लागली, तर बहुधा हे सामने त्यात मिसळलेत.

आता लॉर्ड्स, 1932. एक डाव जवळून बघितला की पद्धत कळते. इंग्लंडची सलामीची जोडी होती हर्बर्ट सटक्लिफ आणि पर्सी होम्स. नऊच दिवसांपूर्वी याच दोघांनी यॉर्कशायरसाठी लेटनला एसेक्सविरुद्ध 555 ची सलामी दिली होती, सटक्लिफ 313 आणि होम्स नाबाद 224. निसारने सटक्लिफला 3 वर आणि होम्सला 6 वर त्रिफळाचीत केलं. वूली धावबाद झाला आणि धावफलक 3 बाद 19. इंग्लंडचा डाव 259 वर संपला. निसार: 26 षटकं, 3 निर्धाव, 93 धावा, 5 बळी.

हे सगळे लिहितात. पुढचं फारसं कुणी बघत नाही: उरलेले तीन बळी कोणते आणि केव्हा? ते एम्स, रॉबिन्स आणि ब्राउन. आणि हे तिन्ही गेले धावसंख्या दोनशेच्या पुढे गेल्यावर. मधल्या काळात, म्हणजे जार्डिन आणि एम्स डाव सावरत असताना, नायडू आणि निसारचा जोडीदार अमरसिंग यांनी बळी घेतले, निसारने एकही नाही. का? त्या वेळी नवा चेंडू षटकांवर मिळत नसे, 200 धावा झाल्या की मिळे. धावफलकावर नवा चेंडू केव्हा घेतला ते लिहिलेलं नसतं, पण दोन बळी 11 धावांच्या आत आणि तीन 200 नंतर हे चित्र बोलकं आहे. चकाकी असलेला चेंडू हातात असताना घातक, चेंडू जुना झाल्यावर साधारण. नायडूंच्या वाक्यातलं ‘पहिल्या स्पेलमध्ये’ हे शेपूट इथे पडताळून मिळतं. साक्ष आणि धावफलक एकमेकांना दुजोरा देतात तेव्हाच साक्षीवर भार टाकावा.

यष्टींमागे त्या सामन्यात जनार्दन नवले होते, पुण्याजवळच्या फुलगावचे. भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळणारा फलंदाजही तेच. म्हणजे पहिला चेंडू टाकणारा होशियारपूरचा, तो झेलण्यासाठी यष्टींमागे वाकलेला माणूस फुलगावचा. 1936 च्या लॉर्ड्स कसोटीत निसारच्या गोलंदाजीवर यष्टींमागे दत्ताराम हिंदळेकर होते, रत्नागिरीचे. मराठी स्मरणिकेत हे दोन उल्लेख यायलाच हवेत. जुन्या छायाचित्रात यष्टिरक्षक यष्टींपासून किती मागे आहे यावरून वेगाचा कयास बांधतात तो मात्र जपून करा. भिंगामुळे अंतर चेपलं जातं. त्यातून एवढंच काढता येतं की यष्टिरक्षक मागे उभा होता. ज्या जमान्यात मध्यमगतीला यष्टींना चिकटून उभं राहायची पद्धत होती, तिथे एवढंही कमी नाही.

मग सहा सामन्यांचं काय? सहा सामने म्हटलं की बारा डाव वाटतात. मोजून बघा. निसार खेळला त्या कसोटींत इंग्लंडने 11 डाव खेळले. त्यांतल्या चार डावांचा आकार 40, 7, 108 आणि 64. म्हणजे एकतर किरकोळ पाठलाग किंवा वेळ संपत आल्यावरची फलंदाजी. गोलंदाजाला खरी संधी असलेले डाव सातच, आणि त्या सातांपैकी तीन डावांत पाच-पाच बळी: लॉर्ड्स 1932, मुंबई 1933, ओव्हल 1936. मुंबईचा सामना बॉम्बे जिमखान्यावरचा, 15 डिसेंबर 1933 ला सुरू झालेला, भारतात झालेली पहिली कसोटी. लाला अमरनाथच्या 118 मुळे तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच सामन्यात इंग्लंडने 438 केल्या आणि निसारने 33.5 षटकांत 90 धावा देऊन 5 बळी घेतले, ते त्याचं सर्वोत्तम कसोटी पृथक्करण. आझाद मैदानावरून जाताना बघितलंत तर ती जागा अजून आहे, पण तिथे उभं राहून निसारची आठवण कुणी काढत नाही.

संघाच्या तुलनेत बघायचा एक सोपा हिशेब आहे, आणि माझ्या मते तुमच्या लेखाचा कणा तोच असावा. त्या 11 डावांत इंग्लंडच्या एकूण धावा 2770 आणि पडलेल्या विकेट 69. म्हणजे एका विकेटला सुमारे 40 धावा. 69 पैकी 25 निसारने घेतल्या, एक तृतीयांशाहून जास्त. आता निसारच्या 707 धावा आणि 25 बळी बाजूला काढा. उरतात 2063 धावा आणि 44 विकेट, एका विकेटला जवळपास 47. निसार 28 ने विकेट काढत होता आणि बाकी सगळे मिळून 47 ने. (अवांतर आणि धावबाद ‘बाकी’च्या खात्यात धरलेत, त्यामुळे 47 ला थोडी सूज आहे. ती काढली तरी दरी बुजत नाही.) हा हिशेब तुम्ही स्वतः करून बघा. सहा धावफलक, एक कागद, अर्धा तास. दुसऱ्याने केलेली बेरीज जशीच्या तशी उचलू नका, माझीसुद्धा.

आता अमरसिंग शेजारी ठेवा, कारण निसार एकटा समजत नाही. राजकोटचा अमरसिंग, निसारहून चारच महिन्यांनी लहान. 7 कसोटी, 2182 चेंडू, 858 धावा, 28 बळी, सरासरी 30.64. निसारचा बळी दर 48 चेंडूंना, अमरसिंगचा दर 78 चेंडूंना. पण धावांचा वेग बघा: निसार षटकाला साडेतीन देतो, अमरसिंग 2.4 च्याही आत. म्हणजे एका टोकाला कोंडी, दुसऱ्या टोकाला हल्ला. निसारच्या साडेतीन धावांना महागडेपणा म्हणू नका. स्लिपमध्ये माणसं गुंतवून गोलंदाजी केली की बॅटची कड घेऊन सुटलेला चेंडू बरेचदा चौकारच जातो. अमरसिंगवर एक वेगळा लेख होईल: लॉर्ड्सवर 1932 मध्ये भारताचं पहिलं कसोटी अर्धशतक, 51, त्याचंच. 1936 मध्ये तो दौऱ्यावरच्या संघात नव्हता, लँकशायर लीगमध्ये कोल्नकडून व्यावसायिक म्हणून खेळत होता आणि तिथून कसोटीपुरता यायचा. त्या वर्षी लॉर्ड्सवर त्याने 35 धावांत 6 आणि निसारने 36 धावांत 3 बळी घेतले आणि इंग्लंड 134 मध्ये गारद झालं, भारताच्या 147 पेक्षा कमी. सामना तरी हरलो, दुसऱ्या डावात आपण 93. शोधताना लक्षात ठेवा, अमरसिंगचा थोरला भाऊ रामजी, तोही वेगवान, मुंबईच्या त्या एका कसोटीत खेळला. आडनाव दोघांचं नकूम, पण धावफलकावर एक ‘एल. अमरसिंग’ आणि दुसरा ‘एल. रामजी’. नाव बघून नातं कळत नाही.

लारवूडशी तुलना करायचीच असेल तर ती आकड्यांची करा, वेगाची नको. लारवूड: 21 कसोटी, 4969 चेंडू, 78 बळी, सरासरी 28.35, दर 64 चेंडूंना एक बळी. निसार: 28.28, दर 48 चेंडूंना एक. सरासरी जवळपास सारखी आणि बळींचा वेग निसारचा सरस. हे वाचून काका उड्या मारतील, म्हणून लगेच ब्रेक लावतो. लारवूडने बळी घेतले ते बव्हंशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध, समोर ब्रॅडमन, आणि पाचपट सामन्यांत नाही तरी चौपट चेंडूंत. निसारच्या 25 बळींवर नशिबाचा वाटा किती असू शकतो याचा एक ढोबळ ठोकताळा सांगतो: बळींच्या संख्येचं वर्गमूळ काढा, तेवढं इकडे-तिकडे होऊ शकतं असं समजा. 25 चं वर्गमूळ 5. म्हणजे तीच गोलंदाजी, तेच चेंडू, दोन-तीन झेल सुटले आणि बॅटची कड घेतलेले दोन-तीन चेंडू क्षेत्ररक्षकाच्या अलीकडे पडले, तर 20 बळी, आणि सगळं जुळून आलं तर 30. चेंडूंच्या हिशेबात 40 पासून 60 पर्यंत काहीही. 48 विरुद्ध 64 हा फरक दिसतो तितका भक्कम नाही. प्रथम श्रेणीच्या 396 बळींचं वर्गमूळ सुमारे 20, म्हणजे पाच टक्के. तो आकडा डगमगत नाही. म्हणून ‘17.70 ने 396’ हा निसारच्या दर्जाचा जास्त भरवशाचा पुरावा आहे, फक्त त्यात मॅटिंगवरचे, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवरचे, आणि कमकुवत संघांविरुद्धचेही सामने आहेत हे सांगावं लागतं. 1932 च्या एकट्या दौऱ्यात प्रथम श्रेणीचे 71 बळी आहेत, ते इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवर आणि कौंटी संघांविरुद्ध. माझं वजन मी त्यांच्यावर टाकेन.

उलट बाजूचा एक आकडाही झाकू नका. मँचेस्टर, 1936: निसार 125 धावांत 2. नुसतं छापलंत तर वाईट दिसतं. त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांनी मिळून 588 धावा केल्या, हॅमंडने 167, आणि आपल्याकडून मर्चंट-मुश्ताकने संध्याकाळपर्यंत बिनबाद 190. त्या खेळपट्टीवर कुणाचीच अब्रू राहिली नाही. पुढच्याच सामन्यात, ओव्हलला, हॅमंडने 217 केल्या, वर्दिंग्टनबरोबर चौथ्या विकेटला 266 ची भागी केली, इंग्लंडने 8 बाद 471 वर डाव सोडला, आणि त्या आठांपैकी पाच निसारचे, 120 धावांत. गोलंदाजाची खरी ओळख 134 च्या डावापेक्षा अशा 471 च्या डावात होते असं मला वाटतं, यावर मतभेद असू शकतो.

त्या ओव्हल कसोटीच्या वेळी तो नुकताच 26 वर्षांचा झाला होता. त्यानंतर भारताची पुढची अधिकृत कसोटी झाली 1946 मध्ये. मधली दहा वर्षं गेली, त्यातली बरीच महायुद्धाने खाल्ली. अमरसिंग तर मे 1940 मध्येच गेला, तिशी गाठायच्या आत. निसारने त्या दहा वर्षांत चेंडू खाली ठेवला नाही. रणजी करंडकात दक्षिण पंजाबकडून आणि मुंबईच्या धर्मवार संघांच्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांत मुस्लिम संघाकडून तो खेळत राहिला. म्हणून ‘फक्त सहाच कसोटी का?’ याचं उत्तर दुखापत किंवा निवड समिती नाही, पंचांग आहे. भारताने 1932 ते 1936 मध्ये एकूण सातच कसोटी खेळल्या. निसारची चुकली ती एकच, 1934 ची मद्रासची.

लेखाची मांडणी कशी करावी हेही विचारलं होतंत. मी असतो तर लॉर्ड्सच्या 3 बाद 19 पासून सुरुवात करून लगेच ‘तीन बळी 200 नंतर’ या मुद्द्यावर आलो असतो, मग 28 विरुद्ध 47, मग अमरसिंग, आणि काकांचं वाक्य पार शेवटाकडे, शेपटासकट.

राहिला काकांचा दुसरा आक्षेप, की तो पाकिस्तानात गेला म्हणून आपण त्याला विसरलो. अगदीच विसरलो असं नाही. 2006 पासून रणजी विजेते आणि पाकिस्तानच्या कायदे-आझम करंडकाचे विजेते यांच्यात ‘महंमद निसार करंडक’ सुरू झाला. पहिला सामना धरमशालाला झाला, आणि 2007 मध्ये रणजी विजेता म्हणून आपला मुंबईचा संघ कराचीत जाऊन तो खेळला. 2008 मध्ये दिल्लीला तिसरा सामना झाला. त्यानंतर तो झालेला नाही.